टेपचं दुसरं टोक

३ डिसेंबर १९९०, सोमवार

पोहोचलो एकदाचा! सौदीतल्या हफ्र अल बातिनपासून टॅपलाइनच्या, म्हणजे तेलाच्या पाइपलाइनच्या, रस्त्याने सव्वाशे किलोमीटर, मग डावीकडे वळून चाळीस किलोमीटर नुसती खडी. गफूरभाईंनी पिकअप अशी हाकली की माझ्या पाठीचा मणकान् मणका मोजून झाला. हे गफूरभाई मूळचे दाभोळचे, अठरा वर्षं झाली त्यांना इथे, आमच्या कंपनीचे ड्रायव्हर. पन्नाशी ओलांडलेले आहेत, पण कुणाच्या हातात ओझं दिसलं की विचारत बसत नाहीत, आधी हात घालतात. माझी ड्रॉइंगची पेटी मी तीनदा हिसकावून घेतली, शेवटी त्यांनीच केबिनमध्ये नेऊन ठेवली. मोठ्या मुलीचं, खतीजाचं, ईदनंतर लग्न ठरलंय, ते वाटभर सांगत होते.

टेकडीच्या पायथ्याशी आमची पोर्टा केबिन आहे. दोन खाटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. वर टेकडीवर आमचं गिऱ्हाईक, ‘अद-दैर’. दैर म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ. इस्लामच्या आधी या भागातल्या काही अरब टोळ्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या होत्या, त्यांचे साधू इथे राहायचे, असं फाइलमधल्या जुन्या रिपोर्टात लिहिलंय. इराकी फौजा ऑगस्टपासून कुवेतमध्ये ठाण मांडून बसल्यात, त्यामुळे लष्कराला टेकडीवर रेडिओचा मनोरा हवाय. मठाचा काही भाग त्यात पाडला जाणार. पाडण्याआधी सगळ्याची मापं घेऊन नकाशे करा, असं सरकारी खात्याचं म्हणणं, आणि ते काम माझ्याकडे.

कफीलने, म्हणजे ज्याच्या हमीवर मी इथे आहे त्या अरब मालकाने, स्पष्ट सांगितलंय, ड्रॉइंग टेबलावर आली की पासपोर्ट हातात. माझ्या बायकोला, मधुमतीला, नाशिकला सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी फेब्रुवारीचा तिसरा आठवडा सांगितलाय. मी साठ दिवसांचा हिशोब मांडलाय आणि माझा हिशोब चुकत नाही. आई म्हणते, हा पोळीचा घेरसुद्धा मोजून मग जेवायला बसतो.

९ डिसेंबर, रविवार

आठवडाभर नुसता फिरून बघतोय आणि थक्क होतोय. बाजू बेचाळीस मीटरची, जवळजवळ चौकोनी. भिंती पायाशी जाड, वर निमुळत्या होत गेलेल्या, अकरा-बारा मीटर उंच. आत भिंतीला पाठ लावून बारा खोल्या, एका माणसाला पाय पसरता येतील एवढ्याच. मध्ये चर्च, त्याचं पूर्वेकडचं टोक अर्धगोल. पावसाचं पाणी साठवायची टाकी खडकात खोदलेली, आतला गिलावा अजून शाबूत. ज्याने हे बांधलं त्याचा हात मोजूनमापून चालणारा होता. असा माणूस भेटला असता तर आमचं छान जमलं असतं.

गंमत म्हणजे याला दरवाजाच नाही. आपल्या किल्ल्यांना गोमुखी दार असतं, शत्रूला वळसे घालायला लावणारं. यांनी तो प्रश्नच ठेवला नाही. पूर्वेच्या भिंतीत नऊ मीटरवर एक खिडकी आहे आणि तिच्यातून दगडी तुळई बाहेर आलेली आहे. तिच्यावरून दोर सोडायचा, त्याला टोपली, टोपलीत माणूस, आणि वरच्याने ओढून घ्यायचं. तुळईवर दोराच्या खाचा पडल्यात, विहिरीच्या काठावर पडतात तशा. खिडकीशेजारी ओळभर अक्षरं कोरलेली आहेत. रिपोर्टात त्याचा अर्थ दिलाय: ‘यूहन्ना, दोर धरणारा’.

आम्ही मात्र शिडीने चढतो. खिडकीखाली ढिगारा साचलाय, त्यावर सहा मीटरची लाकडी शिडी टेकवलेली आहे. वर जायला ती एकच वाट.

१८ डिसेंबर, मंगळवार

माझा मदतनीस हरीश हा पुण्याचा, चोवीस वर्षांचा, तोंडाने अखंड चालू, पण टेप धरायला उत्तम. टेप तीस मीटरची. शून्याची कडी त्याच्याकडे, डबी माझ्याकडे. वर वारा इतका असतो की हाक ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरवली आहे. कडी जागेवर नीट लागली की त्याने दोन झटके द्यायचे, मग मी ताणून आकडा वाचायचा. दोन झटके म्हणजे ‘वाचा साहेब’.

फील्ड बुकाच्या प्रत्येक पानाखाली दोन नावं लागतात, माप घेणारा आणि टेप धरणारा. एक नाव कमी असेल तर रियाधचं ऑफिस पान परत पाठवतं. तिथे बसलेल्या माणसाला मठ कळत नाही, पण रकाने कळतात.

आज पश्चिमेच्या भिंतीवर एक विचित्र गोष्ट दिसली. तिथल्या कठड्यावरही दोराच्या खाचा आहेत, पण मोजक्या, खोल आणि खडबडीत, घाईने पडलेल्या. मागच्या बाजूने दोर का सोडला असेल?

१२ जानेवारी १९९१, शनिवार

हरीश गेला. पंधरा तारखेची मुदत संपली की लढाई सुरू होणार, असं रेडिओवर रोज सांगतात. त्याचा व्हिजिट व्हिसा, पासपोर्ट त्याच्या खिशातच. रियाधला जाणारा पाण्याचा टँकर मिळाला आणि बसला. जाताना रडला बिचारा. तुम्हीही चला म्हणत होता. मी कशाने जाऊ? माझा पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत.

निम्मं काम बाकी आहे. एकट्याने करायचंय. मनातून मी पार हादरलोय, पण ते मधुमतीच्या पत्रात लिहिलं नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

पहाटेपासून डोक्यावरून विमानं जातायत. सुरू झालं. केबिनच्या पत्र्याची थरथर थांबत नाही. गॅसचा मास्क लावून चहा करायचा प्रयत्न केला, काच वाफेने भरली आणि हात भाजला.

१९ जानेवारी, शनिवार

एकट्याने माप घेणं म्हणजे स्वतःच्या पाठीला स्वतः तेल लावणं. फटीत खिळा ठोकायचा, त्यात कडी अडकवायची, तीस मीटर चालत जायचं, ताणलं की कडी निसटते. पुन्हा तीस मीटर मागे. आज दिवसभरात फक्त सात मापं झाली. या वेगाने एप्रिल उजाडेल.

शिवाय ते दुसरं नाव. हरीश गेल्याचं ऑफिसला कळवलं तर दुसरा माणूस मिळेपर्यंत काम बंद. म्हणून थोडी लबाडी केली. ‘टेप धरणारा’च्या पुढे लिहून टाकलं, जे. यूहन्ना. रियाधला वाटेल केरळचा कुणी ख्रिस्ती असेल. पानं भराभर मंजूर होतील. स्वतःवरच खूश होऊन दोन अंड्यांचं आमलेट केलं.

२१ जानेवारी, सोमवार

आज एकदाही कडी निसटली नाही. खिळा बदलला त्याचा परिणाम असणार. एकोणीस मापं!

२४ जानेवारी, गुरुवार

हे नीट लिहून ठेवतो, म्हणजे मलाच नंतर हसू येईल.

भर दुपार होती, बारा वाजलेले, लख्ख ऊन. चर्चची उत्तरेची भिंत घेत होतो. कडी कोपऱ्याच्या पलीकडे खिळ्याला अडकवली, इकडे चालत आलो, डबी हातात घेतली. ताणायच्या आतच टेपला दोन झटके बसले.

वारा असेल म्हटलं. पण आज वारा नव्हता. आकडा वाचला, सतरा मीटर चाळीस. टेप मधे जराही लोंबत नव्हती. सतरा मीटरची टेप कितीही ताणली तरी मधे थोडी लोंबतेच, बारा वर्षं हेच करतोय मी. कोपऱ्यापर्यंत धावत गेलो. कुणी नव्हतं. कडी खिळ्याला होती.

२९ जानेवारी, मंगळवार

गफूरभाई येऊन गेले. ते दर मंगळवारी पाणी, खुब्सच्या रोट्या आणि पत्रं आणतात. काम एवढं पुढे कसं गेलं म्हणून त्यांनी पाठ थोपटली. मी गप्प बसलो.

गप्प बसलो कारण गेले तीन दिवस मी खिळा ठोकलेलाच नाही. कडी कोपऱ्याशी जमिनीवर ठेवतो आणि चालू लागतो. डबी हातात घेतली की दोन झटके. आकडा लिहितो. वळून बघत नाही. खाली ठरलेलं नाव लिहितो.

भीती वाटते का? वाटते, खूप वाटते. पण दिवसाला चाळीस मापं होतायत आणि नाशिकमध्ये मधुमतीच्या पायांवर सूज आली आहे. कुणी का धरेना, धरतोय ना, असं मी मनाला सांगतो.

५ फेब्रुवारी, मंगळवार

गफूरभाई आज वर यायला तयार नव्हते. कारण विचारलं तर आधी विषय टाळला, मग सांगितलं. वाटेत खलफ नावाचा म्हातारा बेदू उंट चारतो, त्याने त्यांना दैरची गोष्ट सांगितली होती.

एकदा लुटारूंनी मठाला वेढा घातला. बारा दिवस झाले, टाकीतलं पाणी संपलं. तेव्हा साधूंनी मागच्या भिंतीवरून दोर सोडला आणि एकेकजण उतरून पळाला. दोर धरायला वर एक माणूस हवाच होता. रोज दोर धरणारा होता त्यानेच धरला. अकरा जण उतरले. मग त्याला उतरवायला वर कुणीच उरलं नाही. खाली गेलेले म्हणाले होते, मदत घेऊन येतो. आले नाहीत. बेदू म्हणतो, तो अजून दोराचं टोक धरून आहे आणि दुसऱ्या टोकाला कुणी हात लावायची वाट बघतोय. त्याची जागा दुसऱ्याने घेतली की तो सुटणार.

गफूरभाईंनी एवढं सांगून कानाच्या पाळ्यांना हात लावला आणि बजावलं, साहेब, वरच्या कशालाही बोलावू नका.

मी काय करून बसलोय ते मला तेव्हा कळलं. बोलावलंय. सहीनिशी. एकशे बारा पानांवर.

११ फेब्रुवारी, सोमवार

पानं फाडली असती तर मापं गेली असती. नाव खोडलं असतं तर ऑफिसने पानं परत केली असती. तसंच पुढे चालवतोय. सगळं कळत असून. मधुमती, मला तुझ्याकडे यायचंय गं, दुसरं काही नाही.

आता झटके मी पोहोचायच्या आधीच बसतात. आज हिशोबापेक्षा माप कमी आलं. खोली क्रमांक नऊपासून टाकीपर्यंत प्लॅनवर बावीस मीटर. टेपवर एकवीस सत्तर. पुन्हा घेतलं. एकवीस तीस.

भिंत सरकत नाही. टेप धरणारा सरकतोय.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं! शेवटचं माप झालं. फील्ड बुक बंद केलं, टेप वरच ठेवली, तुळईच्या खाली. मोठ्याने सांगितलं, काम झालं, आभारी आहे, खलास. शिडीवरून उतरताना एकदाही वर बघितलं नाही.

आता केबिनमध्ये बसून ड्रॉइंग शाईने पूर्ण करायची. मंगळवारी गफूरभाई नेतील.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रॉइंग तयार. गफूरभाई आले, पण घाईत. रस्त्यावर रणगाड्यांची रांग, लष्कर गाड्या अडवतंय. ड्रॉइंगची गुंडाळी आणि फील्ड बुक घेऊन गेले. पुढच्या मंगळवारी पासपोर्ट आणि मला न्यायला गाडी, असं कबूल केलंय. नाशिकचा काही निरोप? नाही. टेलिफोन लागत नाहीत.

सात दिवस.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी साबण शोधताना बॅगेत हात घातला. टेप.

मी ती वर ठेवली होती. डबी बॅगेत, आणि टेपचा पट्टा बॅगेबाहेर, खाटेखालून, दाराच्या फटीतून बाहेर. ताठ.

आकडा वाचला. सवय जात नाही. एकोणतीस मीटर ऐंशी.

दार उघडून बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

ब्लेडने कापली. माझ्या हाताजवळ कापली. कापलेलं टोक जमिनीवर पडायला हवं होतं.

पडलं नाही. तसंच, हवेत, ताठ—

पुन्हा बघितलं तेव्हा टेप अखंड होती. सव्वीस दहा.

२४ फेब्रुवारी, रविवार

कुवेतकडे तेलाच्या विहिरी पेटल्यात. सकाळी अकरालाच काळोखी आल्यासारखं झालं, सूर्य म्हणजे नुसता पिवळट डाग. रेडिओ म्हणतो, जमिनीवरची लढाई सुरू.

एक नियम सापडलाय. डबी हातात घट्ट धरून टेप ताणून ठेवली की आकडा बदलत नाही. ढिली सोडली, खाली ठेवली, डोळा लागला, की कमी होतो. पाणी प्यायला हात सोडला होता. चोवीस वीस.

चालत निघालो रस्त्याकडे, टेप घेऊन. मी दोन पावलं गेलो, तो तीन आला. परत फिरलो.

२५ फेब्रुवारी, सोमवार

तो जिथला आहे तिथेच त्याला पोहोचवून यायचं असं ठरवलं. वर जायचं, कडी त्याच्या खिडकीशी लागली की टेप सोडायची, धावत खाली. सकाळी चढलो. शिडीच्या प्रत्येक पायरीला टेप मागून, ताठ.

चूक झाली. वर आल्यावर तो खाली नाही. तो आतल्या बाजूला आहे, चर्चच्या दाराशी. एकोणीस मीटर. दिसत नाही, पण काळ्या धुरात टेपचा पिवळा पट्टा जिथे संपतो तिथे जमिनीवर दोन टाचांचे ठसे आहेत, रेटा देऊन उभं राहिल्यासारखे.

मी खिडकीशी बसलोय. डावा हात डबीवर. उजव्याने लिहितोय.

त्याचा राग येत नाही मला, हे सांगितलं पाहिजे. अकरा जणांना उतरवलं त्याने. पण मला घरी जायचंय.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर जागा. दोनदा डोळा लागला. पंधरा मीटर. मग साडेबारा.

दिवस आहे, तरी धूर. खाली पिकअपचा हॉर्न—

गफूरभाई. खालून ओरडतायत. मला मुलगी झाली. सतरा तारखेला. दोघी सुखरूप. गुरुवारी बारसं आहे. मधुमतीने कंपनीत निरोप ठेवलाय, नाव बाळाच्या बाबांनीच कळवायचं. पासपोर्ट त्यांच्या हातात आहे, इथून दिसतोय, निळा. “साहेब, यल्ला, बॅग भरा!”

मुलगी.

का उतरत नाही, विचारतायत. मी काय सांगू— त्यांना वाटतंय मी आजारी. शिडीला हात घातला त्यांनी. चढतायत.

वर आले की मी असा बसलेला दिसेन, हातात डबी, आणि ते विचारणार नाहीत. द्या इकडे म्हणून हात घालतील, आणि माझी जागा त्यांची होईल. मला एक शब्दही बोलावा लागणार नाही. मी शिडीवरून उतरेन, गुरुवारपर्यंत नाही तर पुढच्या आठवड्यात तरी—

मला हवंय हे. देवा, फार हवंय. मी गप्प बसलो तर पुरे. गप्प बसायची मला सवय आहे.

सहा पायऱ्या. खतीजाचं लग्न ईदनंतर—

ओरडलो. उतरा म्हणून ओरडलो. ऐकत नाहीत. येतो साहेब, आलोच, म्हणतायत.

शिडी दोन्ही हातांनी ढकलली. अर्ध्यावर होते, खाली वाळूत पडले. उठले. लंगडतायत, शिव्या देतायत. बरं झालं. शिडी मोडली.

डबी पुन्हा धरली. पाच मीटर साठ.

गफूरभाई, दुसरी शिडी आणू नका. दोर टाकू नका. मी दोर मागितला, माझ्या आवाजात मागितला, तरी टाकू नका. मनोऱ्याच्या लोकांना सांगा, वरून कुणी टोक दिलं तर धरायचं नाही. ही वही खाली टाकतोय, नाशिकला पोहोचवा.

टाकायला खिडकीबाहेर वाकावं लागेल. टेप ढिली पडणार.

चार मीटर. तीन दहा. दोन झटके— वाचतोय रे, वाचतोय— दोन मीटर

गफूरभाई, मधुमतीला सांगा, मुलीचं नाव